दुसऱ्या भाषेतील लेखन शिकवताना सामायिक दस्तऐवजाचा वापर

वही तपासायला येते तेव्हा लेखन संपलेले असते. विद्यार्थ्याने कोणते वाक्य अर्ध्यावर सोडले किंवा कोणती रचना जमत नाही म्हणून टाळली, हे तिच्यातून क्वचितच कळते. गूगल डॉक्ससारख्या सामायिक दस्तऐवजात मात्र मजकूर घडत असतानाच वाचता येतो, आणि हे साधन वापरण्याचे खरे कारण तेच आहे. केवळ कागद वाचवायचा असेल, तर एवढा खटाटोप करू नये.

तीन-चार जणांचा गट करून प्रत्येक गटाला एक दस्तऐवज द्यावा आणि त्याचा प्रवेश त्या गटापुरताच मर्यादित ठेवावा. प्रत्येकाने आधी आपला परिच्छेद एकट्याने लिहावा व नंतरच सर्वांनी मिळून ते सांधावेत, कारण पहिल्या ओळीपासून एकत्र लिहायला बसवले की ज्याची भाषा बरी आहे तोच लिहितो आणि बाकीचे होकार देत राहतात. पहिला खर्डा होईपर्यंत शुद्धलेखन व व्याकरणाच्या स्वयंचलित सूचना बंद ठेवायला सांगाव्यात.

सर्वांत अधिक विचार अभिप्रायाचा करावा लागतो. सजेस्टिंग मोडमध्ये, म्हणजे बदल थेट न होता सूचना म्हणून दिसतो त्या पद्धतीत, शिक्षकाने केलेली दुरुस्ती विद्यार्थी एका क्लिकने स्वीकारतो. मजकूर शुद्ध होतो, पण चूक का झाली याचा विचार त्याने केलेलाच नसतो. म्हणून भाषेच्या चुकांसाठी हा मोड टाळून कॉमेंट वापरावी, असे माझे मत आहे. चुकीचा भाग निवडून ‘क्रियापदाचा काळ पुन्हा पाहा’ एवढेच लिहावे आणि दुरुस्ती त्याच्यावर सोपवावी. अगदी नवशिक्या विद्यार्थ्याला एवढी खूण पुरत नाही. त्याला योग्य रूप सरळ सांगणे बरे. व्याकरणाच्या दुरुस्तीने लेखन सुधारतच नाही, असे दुसऱ्या भाषेच्या अध्ययनाचे संशोधक जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये मांडले आणि त्यावर मोठा वाद झाला. तो वाद बाजूला ठेवला, तरी एका खर्ड्यात एक-दोन प्रकारच्याच चुका दाखवणे शहाणपणाचे आहे. पहिल्या खर्ड्यात तर आशय आणि मांडणी यांवरच बोलावे.

सहाध्यायांकडून ‘छान लिहिले आहे’ यापलीकडचे काही हवे असेल, तर प्रत्येकाने न समजलेल्या एका जागेवर प्रश्न विचारावा, अशी अट घालावी. हा प्रश्न मातृभाषेत आला तरी हरकत नसावी.

व्हर्जन हिस्टरीमध्ये कोणी केव्हा काय लिहिले ते दिसते आणि बाहेरून चिकटवलेला लांबलचक उतारा तेथे चटकन नजरेत भरतो. परंतु केवळ त्यावरून गुण देऊ नयेत, कारण चर्चेत वाक्य सुचवणारा एक आणि टंकणारा दुसरा असू शकतो. शेवटी, काय बदलले आणि का, हे उत्तरात लिहिल्याशिवाय कोणतीही कॉमेंट ‘रिझॉल्व्ह’ करायची, म्हणजे निकाली काढायची, नाही, असा नियम ठेवावा. पुढच्या तासाला कोणता मुद्दा पुन्हा शिकवायचा, हे ठरवायला ही उत्तरे उपयोगी पडतात.