नकाशा कोरा दिसला म्हणून बँड मेला असं धरू नका: गोव्यातून प्रॉपगेशनचा (रेडिओ लहरींच्या प्रवासाचा) माग कसा घ्यावा

"दहा मीटर मेलाय, नकाशावर काहीच नाही," हे वाक्य मी हॅम रेडिओवाल्यांकडून (हौशी बिनतारीवाल्यांकडून) इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्याला आधी एवढंच विचारतो: नकाशावर नेमकं काय निवडलं होतंस? दहातल्या आठ वेळा घोळ तिथेच निघतो. दहा मीटर म्हणजे २८ मेगाहर्ट्झच्या आसपासचा बँड (लहरींचा पट्टा), आणि नकाशा म्हणजे पीएसके रिपोर्टर ही वेबसाइट: कोणाचा सिग्नल कुठे ऐकू आला ते ती दाखवते.

अँटेना वर आहे, रेडिओ आणि संगणक एकमेकांशी बोलताहेत आणि डब्ल्यूएसजेटी-एक्स (क्षीण सिग्नल वाचणारा प्रोग्राम) चालू आहे, असं धरून पुढचं लिहितो. परवाना अजून हातात आला नसेल तर फक्त ऐका. ऐकणाऱ्याचं केंद्रही नकाशावर येतं आणि सगळ्यांच्या उपयोगी पडतं.

पहिलं काम घड्याळाचं. एफटी८ या डिजिटल मोडचे संदेश पंधरा-पंधरा सेकंदांच्या ठरलेल्या खिडक्यांत जातात. तुमचं घड्याळ दीड-दोन सेकंद सरकलेलं असेल तर कानाला सिग्नल ऐकू येतात आणि पडद्यावर मात्र काही उमटत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाऊन आली की हे हमखास होतं. डिकोडच्या (वाचलेल्या संदेशांच्या) यादीत डीटी नावाचा रकाना असतो. त्यात सगळीच स्टेशनं एक सेकंदाच्या आसपास सरकलेली दिसली, तर चूक तुमच्या घड्याळाची आहे. आणि नोंदी यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) वाचायची सवय लावून घ्या: आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा.

दुसरं, ग्रिड, म्हणजे जगाच्या नकाशावर पाडलेल्या चौकोनांपैकी आपल्या चौकोनाचा संकेत. इथे गोवेकरांची एक खास चूक होते. ७४ अंश पूर्व रेखावृत्त गोव्याच्या मधून जातं. त्याच्या पश्चिमेला पणजी, म्हापसा, मडगाव: एमके६५. पूर्वेला फोंडा, वाळपई, सांगे: एमके७५. काणकोणच्या अगदी दक्षिण टोकाला, पोळेच्या बाजूला, अक्षांश पंधराच्या खाली जातो आणि तिथे एमके७४ लागतं. "गोवा म्हणजे एमके६५" हे ऐकून डोळे मिटून भरू नका, आपल्या घराचं बघा.

तिसरं, डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या सेटिंग्जमधल्या रिपोर्टिंग पानावर पीएसके रिपोर्टरची खूण करा. झालं.

आता खरं काम, म्हणजे नकाशा वाचणं. मी स्वतः इथे वर्षभर चुकत होतो, म्हणून सावकाश सांगतो.

पीएसके रिपोर्टर उघडल्यावर वर एक वाक्य जुळवायचं असतं: कुठल्या बँडवर, कोणी पाठवलेले किंवा कोणाला मिळालेले सिग्नल, कुठल्या मोडमध्ये, किती वेळातले. मी तिथे माझं कॉलसाइन (स्टेशनचं ठरलेलं ओळखनाव) टाकून "पाठवलेले" निवडायचो आणि मग तासभर नुसता ऐकत बसायचो. मी काही पाठवलंच नाही, तर ते कोणी ऐकणार कुठून? नकाशा कोरा राहायचा आणि मी वहीत लिहायचो: बँड बंद. त्या वर्षाच्या नोंदी मला नंतर रद्द कराव्या लागल्या. ऐकत असाल तर "मिळालेले" निवडा, पाठवत असाल तर "पाठवलेले". आणि दोन्ही वेगवेगळे बघा, कारण त्यांची उत्तरं वेगळी येतात. शेजारच्या इन्व्हर्टरचा खरखराट तुमचं ऐकणं मारतो, पाठवणं नाही. लांबचं स्टेशन तुम्हाला ऐकतंय आणि तुम्हाला ते ऐकू येत नाही, असं दिसलं तर आयनांबराला (लहरी परतवणाऱ्या वरच्या हवेच्या थराला) दोष देऊ नका, घरातले चार्जर एकेक करून बंद करा.

पण याहून मोठी चूक वेगळीच आहे. नकाशावरचा प्रत्येक ठिपका कुठल्यातरी माणसाच्या रिसीव्हरमुळे आलेला असतो. जिथे रिसीव्हर नाही तिथे ठिपका नाही, मग वर आयनांबर कितीही उघडं असो. युरोपात ऐकणाऱ्यांची दाटी आहे, म्हणून गोव्यातून पाहिलेला नकाशा बहुतेक वेळा वायव्येकडे भरलेला दिसतो. पश्चिमेला अरबी समुद्र, त्यापलीकडे आफ्रिकेत विरळ केंद्रं. नवखा माणूस यावरून "आपल्याकडून फक्त युरोप लागतो" असा निष्कर्ष काढतो आणि आयुष्यभर एकाच दिशेची अँटेना टांगून बसतो.

मार्चमधल्या एका संध्याकाळी, सातच्या सुमारास, माझ्या नकाशावर आफ्रिकेकडे एकही रेघ नव्हती. रेडिओ बंद करण्याआधी सहज २८.२०० मेगाहर्ट्झवर गेलो. दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाजवळचा बीकन (ठरलेल्या वेळी आपोआप सिग्नल पाठवणारं केंद्र) झेडएस६डीएन आला. आधी मोर्समध्ये कॉलसाइन, मग एकेक सेकंदाच्या चार रेघा: १०० वॅट, १० वॅट, १ वॅट आणि ०.१ वॅट. मला तिसरी रेघसुद्धा स्पष्ट ऐकू आली. एका वॅटवर! आणि नकाशाप्रमाणे ती दिशा बंद होती. त्या दिवसापासून बँड बंद आहे असं लिहिण्याआधी मी तीन प्रश्न विचारतो, याच क्रमाने.

तिथे आत्ता कोणी ऐकतंय का? नकाशावरचे मोठे पिन म्हणजे ऐकणारी केंद्रं. त्या भागात मोठा पिनच नसेल तर नकाशा त्या दिशेबद्दल काहीही सांगत नाहीये. असेल तर त्याचं कॉलसाइन टाकून बघा, ते दुसऱ्या कोणाला ऐकतंय का. कोणालाच ऐकत नसेल तर कदाचित त्याचीच अँटेना खाली असेल.

आपल्या भागातून तिथे कोणी पोचतंय का? देशावरून भारत निवडा, पण दिल्लीचं बघून गोव्याचं ठरवू नका. बंगळुरूचं एमके८२, कोल्हापूरचं एमके७६, पुण्याचं एमके६८ असे जवळचे ग्रिड शोधा. ते पोचताहेत आणि तुम्ही नाही, तर दोष तुमच्या तारेत, कॉक्समध्ये (अँटेनाच्या केबलमध्ये) किंवा अँटेनाच्या दिशेत आहे. माझा डायपोल (साधी तारेची अँटेना) दोन माडांमध्ये बांधलेला होता, माड जिथे होते त्या दिशेत. माडांनी ठरवलेली दिशा हीच माझी दिशा, असं मी कितीतरी दिवस धरून चाललो होतो. एक टोक गच्चीवर आणल्यावर दक्षिणेकडचे ठिपके वाढले.

बीकन काय म्हणतो? एकूण १८ बीकन १४.१००, १८.११०, २१.१५०, २४.९३० आणि २८.२०० मेगाहर्ट्झवर पाळीपाळीने येतात. प्रत्येकाला दहा सेकंद, तीन मिनिटांत एक फेरी. श्रीलंकेचा ४एस७बी आपल्या जवळचा. यासाठी नुसते कान लागतात.

वेळेची खिडकी पंधरा मिनिटांचीच ठेवा. "चोवीस तास लावा, भरपूर दिसतं" हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. सकाळचा जपान आणि रात्रीचा युरोप एकाच चित्रात आले की त्यातून आत्ता कुठे बोलावं हे कळत नाही.

ठिपक्यावरचा डेसिबलचा आकडा वाचा. एफटी८ उणे वीसच्या आसपासही वाचता येतं, तिथे माणसाचा आवाज पोचणार नाही. मी शून्याच्या वरचे दोन-तीन आकडे दिसल्याशिवाय मायक्रोफोन उचलत नाही. शिवाय एफटी८ च्या ठिपक्यावरून समोरचा १० वॅट वापरतोय की ४०० हे कळत नाही. म्हणून रोजच्या तुलनेसाठी डब्ल्यूएसपीआर हा दुसरा मोड बरा. त्याच्या दोन मिनिटांच्या संदेशात कॉलसाइन आणि ग्रिडबरोबर शक्तीही सांगितलेली असते. हा मोड आणि पुढे एफटी८ मागचेही एक जनक जो टेलर यांना १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालंय. क्षीण सिग्नल खरखरीतून वेचणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम.

भूचुंबकीय वादळाच्या दिवशी अमेरिकेचे सिग्नल गेले तर घाबरू नका. आपला तिकडचा जवळचा मार्ग उत्तर ध्रुवाच्या बाजूने जातो, म्हणून तो आधी तुटतो. दक्षिणेकडे बघा.

आणि पावसाळ्याचं. सह्याद्रीवर गडगडायला लागलं की कॉक्स रेडिओपासून काढून घराबाहेर टाका, नुसता रेडिओ बंद करून भागत नाही. जूनच्या दुपारी कोकणपट्टीतले मोठे पिन एकामागून एक नाहीसे होताना दिसतील. बँडला काही झालेलं नसतं, सगळ्यांनी तारा काढून ठेवलेल्या असतात.