वेबसाइट स्वतःच्या नावावर: डोमेन, होस्टिंग आणि लपलेला 'अनियन' पत्ता कसा उभारावा

आमच्या वाचनालयाची वेबसाइट सात वर्षं बिनतक्रार चालली आणि एका सोमवारी सकाळी उघडेचना. फोनाफोनी केल्यावर कळलं की ज्या मुलाने डोमेन, म्हणजे साइटचं नाव, घेऊन दिलं होतं, त्याने ते स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ईमेलवर नोंदवलं होतं. मुलगा भला, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. नोकरीसाठी तो परगावी गेला, जुना ईमेल बघणं सुटलं आणि मुदत संपत आल्याची पत्रं तिथेच पडून राहिली. आम्ही जागे झालो तोवर ते नाव दुसऱ्याच कोणीतरी घेतलं होतं. पुस्तकांची यादी, फोटो, जुने अहवाल सगळं आमच्याकडे शाबूत होतं. गेलं ते फक्त नाव. पण पावत्यांवर, सभासदांच्या कार्डांवर आणि दारावरच्या पाटीवर तेच नाव छापलेलं होतं.

तेव्हापासून मला कोणी "वेबसाइट कशी काढू?" असं विचारलं की मी होस्टिंगपासून (साइट ठेवायच्या जागेपासून) सुरुवात करत नाही. आधी विचारते, डोमेन कोणाच्या नावावर असणार आहे?

पहिलं काम: नाव

डोमेन आपण विकत घेतो असं म्हणतो, पण ते खरं तर मुदतीच्या करारावर मिळतं. एका वेळी कमीत कमी १ वर्ष, जास्तीत जास्त १० वर्षं. वर आयकॅन ही जागतिक संस्था, तिच्याखाली डॉट कॉम, डॉट इन अशा प्रत्येक शेपटाची यादी सांभाळणारी एक रजिस्ट्री (डॉट इनची निक्सी ही संस्था चालवते), तिच्याखाली आपल्याला नाव देणारा रजिस्ट्रार, आणि शेवटी आपण. या साखळीत तुमचं स्थान एकाच रकान्यावर ठरतं, तो म्हणजे 'रजिस्ट्रंट', नोंदणीधारकाचा रकाना. डोमेनचा सातबाराच तो. तिथे तुमचं किंवा संस्थेचं नाव हवं, वेबसाइट बनवणाऱ्याचं नको.

रजिस्ट्रारकडे खातं उघडताना संस्थेचा ईमेल द्या, पण तो ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं की त्यावरचा ईमेलही बंद पडतो, आणि मग खात्यात शिरण्याचा कोड यायलाच जागा उरत नाही. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. 'ट्रान्सफर लॉक' चालू ठेवा, म्हणजे नाव परस्पर दुसरीकडे हलवता येत नाही. उद्या रजिस्ट्रार बदलायचा झाला तर हा लॉक काढून 'ऑथ कोड' (नाव हलवण्याचा परवलीचा कोड) घ्यावा लागतो. नव्याने नोंदवलेलं डॉट कॉम नाव मात्र पहिले ६० दिवस हलवता येत नाही, हे लक्षात असू द्या.

'ऑटो-रिन्यू'वर, म्हणजे आपोआप नूतनीकरणावर, विसंबू नका. कार्डावरून आपोआप पैसे कापण्याचे रिझर्व्ह बँकेचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले आहेत. त्यामुळे, विशेषतः परदेशी रजिस्ट्रारकडे, बटण चालू दिसत असूनही पैसे कापलेच जात नाहीत असं घडतं. त्यापेक्षा एकदम पाच वर्षांचे पैसे भरून टाका आणि शेवटची तारीख संस्थेच्या इतिवृत्तात लिहून ठेवा. पाच वर्षांत कार्यकारिणी बदलते, इतिवृत्त राहतं. किंमत बघताना पहिल्या वर्षाची बघू नका, नूतनीकरणाची बघा.

मुदत टळली तरी डॉट कॉमचं नाव त्याच रात्री जात नाही. रजिस्ट्रार साधारण ४५ दिवसांपर्यंत सवलत देऊ शकतो. त्यानंतरच्या ३० दिवसांत भरपूर दंड भरून नाव सोडवता येतं, मग ५ दिवस कोणालाच हात लावता येत नाही आणि त्यानंतर ते बाजारात मोकळं होतं. पण बरेच रजिस्ट्रार सवलतीच्या काळातच नावाचा लिलाव लावतात. म्हणून मुदत टळल्याचं कळलं की त्याच दिवशी पैसे भरा.

मराठी नाव हवं असेल तर डॉट भारत आहे. देवनागरीतलं हे शेपूट २०१४ साली सुरू झालं आणि त्यात मराठी व कोकणीही येतात. मला ते मनापासून आवडतं. फलकावर 'वाचनालय' असं मराठीत लिहिलेला पत्ता वाचताना लोक थबकतात. मात्र दोन गोष्टी सांभाळा. एक, ऱ्हस्वदीर्घ. लोक टंकताना चुकतात, तेव्हा नावात वेलांट्या-उकारांची गुंतागुंत कमी ठेवा. दुसरी, देवनागरी ईमेल पत्ता अजून पुष्कळ फॉर्म स्वीकारत नाहीत. म्हणून रोमन अक्षरांतलं एक नाव सोबत घ्याच आणि ईमेल त्यावर ठेवा.

जागा

होस्टिंग म्हणजे तुमच्या फाइली ज्या संगणकावर राहतील ती भाड्याची जागा. पाच-दहा पानं, थोडे फोटो, कार्यक्रमांची यादी एवढंच असेल तर साधी 'स्टॅटिक' (नुसत्या तयार पानांची) साइट करा. गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेस या सेवांवर ती फुकट राहते. दर आठवड्याला कोणीतरी लेख टाकणार असेल तर शेअर्ड होस्टिंग (अनेकांत वाटलेला संगणक) आणि वर्डप्रेस (लेख टाकायची तयार प्रणाली). सगळं स्वतः सांभाळायची तयारी असेल तरच व्हीपीएस (भाड्याचा, पण पूर्ण आपल्या ताब्यातला आभासी संगणक) घ्या, कारण तिथे अपडेट, फायरवॉल, पासवर्ड सगळी जबाबदारी तुमचीच.

होस्टिंग आणि डोमेन एकाच दुकानातून 'फुकट डोमेन'च्या पॅकेजमध्ये घेऊ नका. भाडेकरूने घर बदललं तरी नाव त्याच्यासोबत जायला हवं. बॅकअपही दर महिन्याला स्वतःच्या डिस्कवर उतरवून घ्या. होस्टिंगवाल्याकडचा बॅकअप त्याच्याच गोदामात असतो.

मराठी पानासाठी एक छोटी गोष्ट: पानाच्या सुरुवातीच्या एचटीएमएल खुणेत भाषा 'एमआर' (रोमन अक्षरांत mr) अशी नोंदवा आणि अक्षरसंच यूटीएफ-८ ठेवा. 'मुक्त'सारख्या चांगल्या फाँटमध्ये मग 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. वाचणाऱ्याला नेमकं काय बदललं ते सांगता येणार नाही, पण पान आपलं वाटतं.

नाव आणि जागा जोडणं

रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये 'डीएनएस' असा भाग असतो. ही व्यवस्था १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी मांडली. तिचं काम नाव घेऊन आकडी पत्ता परत देण्याचं. 'ए' नोंदीत सर्व्हरचा आकडी पत्ता लिहा. 'डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू' साठी 'सीनेम' नोंद करून ती मूळ नावाकडे वळवा. बस.

घात होतो तो जुनी साइट हलवताना. लोक नवीन होस्टिंगवाल्याचे नेमसर्व्हर (या नोंदी जिथून वाचल्या जातात ते संगणक) डोळे मिटून टाकतात आणि संस्थेचा ईमेल बंद पडतो, कारण ईमेल कुठे पोचवायचा ते सांगणाऱ्या 'एमएक्स' नोंदी जुन्या जागीच राहिल्या. नेमसर्व्हर बदलण्याआधी जुन्या सगळ्या नोंदींचा स्क्रीनशॉट घ्या, नवीन जागी त्या जशाच्या तशा भरा आणि मगच बदल करा. शिवाय आदल्या दिवशी 'टीटीएल' (नोंदीचं उत्तर किती वेळ साठवायचं तो आकडा) ३०० सेकंदांवर आणून ठेवा. 'पसरायला ४८ तास लागतात' असं जे सांगतात, ते बहुतेक वेळा जुनं उत्तर सर्वत्र साठवलेलं असल्यामुळे. टीटीएल लहान असला की तुमच्या नोंदींतला बदल काही मिनिटांत दिसतो. नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल मात्र रजिस्ट्रीच्या हातात असतो, म्हणून जुनी जागा दोन दिवस चालू ठेवा.

मग कुलूप, म्हणजे वाचक आणि साइट यांच्यातली देवाणघेवाण सुरक्षित करणारं प्रमाणपत्र. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, शेअर्ड होस्टिंगवर एका बटणाने आणि व्हीपीएसवर सर्टबॉट या प्रोग्रामने. त्याची मुदत जास्तीत जास्त ९० दिवसांची असते, म्हणून ते आपोआप नवं होतंय का याची चाचणी पहिल्याच दिवशी करून घ्या.

जेव्हा पत्ता लपवायचा असतो

इथपर्यंतची साइट उघड आहे. सर्व्हर कुठे आहे ते कोणालाही कळतं आणि कोण बघतंय ते इंटरनेट कंपनीला कळतं. वाचनालयाला तेवढं चालतं. पण पाणीयोजनेतला घोळ सांगू पाहणारा कर्मचारी, किंवा त्याची कागदपत्रं स्वीकारणारं छोटं वृत्तपत्र, यांना ते परवडत नाही. त्यांच्यासाठी टॉरची (वाट अनेक संगणकांतून फिरवून माग लपवणाऱ्या जाळ्याची) 'अनियन' सेवा आहे. मूळ संशोधन १९९० च्या दशकात अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत झालं, आज हे काम टॉर प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था सांभाळते. न्यूयॉर्क टाइम्सने २०१७ मध्ये आणि बीबीसीने २०१९ मध्ये स्वतःचे अनियन पत्ते सुरू केले. या वाटेची बदनामी पुष्कळ झाली आहे, पण ज्याचा जीव किंवा नोकरी टांगणीला आहे त्याला दुसरी वाट फारशी उरत नाही, म्हणून ती शिकून घ्यायलाच हवी असं मला वाटतं.

इथे रजिस्ट्रार नाही, भाडं नाही, मुदत नाही. पत्ता तुमच्याच संगणकावर तयार होतो. तो ५६ अक्षरांचा असतो, आणि ही अक्षरं म्हणजे तुमच्या सेवेची सार्वजनिक किल्लीच. वाचक आणि सेवा दोघंही आपापल्या बाजूने तीन-तीन टप्पे घेऊन मधल्या एका ठिकाणी भेटतात, त्यामुळे एकाला दुसऱ्याचा पत्ता कळत नाही. संपूर्ण वाट आधीच कुलूपबंद असल्याने वेगळं प्रमाणपत्रही सक्तीचं नाही.

उभारायचं असं. घरातला जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक घ्या, त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली टाका. आपल्याकडच्या पुष्कळ घरगुती जोडण्यांना स्वतंत्र आकडी पत्ता नसतो, पण इथे त्याने अडत नाही, कारण टॉर आतून बाहेर जोडणी करतो. राउटरमध्ये काही उघडावं लागत नाही. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवा आणि तो फक्त १२७.०.०.१ या स्थानिक पत्त्यावरच ऐकेल असं ठरवून द्या. मग टॉर बसवा. 'ईटीसी'मधल्या 'टॉर' फोल्डरात 'टॉर-आर-सी' नावाची फाइल असते. तीत लपलेल्या सेवेच्या भागात दोन ओळी आधीच लिहिलेल्या आहेत, एक फोल्डर सांगणारी आणि दुसरी ८० क्रमांकाचं पोर्ट स्थानिक पत्त्याला जोडणारी. त्यांच्या पुढचं हॅशचं चिन्ह काढा, फाइल जतन करा, टॉर पुन्हा सुरू करा. पहिल्या ओळीत सांगितलेल्या फोल्डरात आता 'होस्टनेम' नावाची फाइल दिसेल. उघडा, तुमचा पत्ता तयार आहे. डॉट अनियनच्या आधीचं शेवटचं अक्षर 'डी' असेल, कारण सध्याच्या तिसऱ्या आवृत्तीचे सगळेच पत्ते 'डी'ने संपतात. कुठे १६ अक्षरांचा जुना पत्ता दिसला तर तो सोडून द्या, ती आवृत्ती २०२१ मध्ये बंद झाली.

उभारणी अर्ध्या तासाची. पुढचं जपणं जास्त कठीण, कारण टॉर वाट लपवतो, तुमच्या चुका लपवत नाही.

एनजिनएक्सऐवजी अपाची हा वेब सर्व्हर वापरत असाल तर त्याचं 'सर्व्हर-स्टेटस' पान बंद करा. ते पान फक्त स्थानिक वाचकाला दिसावं अशी सोय असते, आणि अनियनवरून येणारा प्रत्येक जण सर्व्हरला स्थानिकच वाटतो. बाहेरून खेचलेले फाँट, नकाशे, भेटी मोजणारी साधनं काढून टाका. भेटी मोजणाऱ्या साधनाचा तोच खाते-क्रमांक तुमच्या उघड साइटवरही असेल तर दोन्ही साइट एकाच्याच, हे एका मिनिटात सिद्ध होतं. वर्डप्रेस इथे नकोच. तो अपडेट तपासायला आणि मेल पाठवायला थेट बाहेर जातो आणि तुमचा खरा पत्ता सांगून येतो. फोटो टाकण्याआधी त्यातली छुपी माहिती पुसा. मोबाइलच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात.

आणि वीज. दर गुरुवारी देखभालीसाठी तुमच्या भागातली वीज जात असेल आणि दर गुरुवारी त्याच वेळी साइट बंद पडत असेल, तर लक्ष ठेवणाऱ्याला एवढं पुरतं. यूपीएस लावा. भाड्याच्या व्हीपीएसवर हा प्रश्न नाही, पण सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे व्हीपीएस देणाऱ्यांना ग्राहकाचं नाव, पत्ता आणि संपर्क ५ वर्षं जपून ठेवावा लागतो. म्हणजे वाचकांपासून तुम्ही लपाल, होस्टिंगवाल्यापासून नाही. टॉर वापरणं हा आपल्याकडे गुन्हा नाही, मात्र त्यावर जे कराल त्याला नेहमीचेच कायदे लागतात.

वाचकांनाही नीट सांगा. त्यांनी अँड्रॉइडवर टॉर ब्राउझर घ्यावा, आयफोनवर अनियन ब्राउझर. कार्यालयाच्या वायफायवरून उघडू नये, कारण काय वाचलं ते दिसलं नाही तरी टॉर वापरला हे दिसतं. घरातला कोणी फोन तपासत असेल तर तो ॲपच संशयाला पुरेसा आहे, हेही स्पष्ट सांगावं. पत्ता मोजक्याच लोकांसाठी असेल तर तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येकाला वेगळी किल्ली देता येते, आणि किल्ली नसलेल्याला साइट उघडतच नाही.

शेवटी 'होस्टनेम' असलेल्या त्याच फोल्डरातली गुप्त किल्लीची फाइल कुलूपबंद पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. ती हरवली तर पत्ता कायमचा गेला, आणि ती दुसऱ्याच्या हाती लागली तर तो तुमच्या नावाने दुकान मांडू शकतो. इथे रजिस्ट्रार नाही, त्यामुळे तक्रार करायलाही कोणी नाही. मग दुसऱ्याच फोनवर, मोबाइल डेटावर टॉर ब्राउझर उघडा आणि पत्ता चिकटवून बघा. ५६ अक्षरं हाताने टंकू नका आणि कोणाला फोनवर सांगूही नका. क्यूआर करून द्या.