सेंच्युरियनचं घासलेलं लोखंड रंगवण्याआधी

चंदेरी रंगाची बाटली उघडण्याआधी एक गोष्ट पक्की करा: या रणगाड्यावर काय कशावर घासतं? मी पूना हॉर्स या भारतीय रणगाडा रेजिमेंटच्या सेंच्युरियनचं मॉडेल धरून लिहितोय, १९७१च्या डिसेंबरात, भारत-पाक युद्धात, बसंतरला लढला तसा, १/३५ मापातलं. दुसरा कुठला रणगाडा असला तरी क्रम हाच.

आधी फोटो जमवा. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जाणं जमलं तर फारच छान, सेंच्युरियन तिथे जवळून पाहता येतो. मात्र जतन केलेल्या गाड्यांवर पुन्हा पुन्हा रंग चढलेला असतो, म्हणून आकार आणि जोड तिथून घ्या, झीज युद्धकाळातल्या फोटोंवरून. एका फोटोची प्रत काढा आणि लाल पेनाने खुणा करा: ट्रॅकच्या (चाकांभोवतीच्या साखळीपट्ट्याच्या) जमीन टेकणाऱ्या कडा, चाकांच्या जोडीमधून फिरणारी ट्रॅकची शिंगं, मागच्या स्प्रॉकेटचे (ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाचे) दाते, ओढायच्या हुकांची आतली बाजू, फावड्याचं पातं. खरी चमक एवढ्याच ठिकाणी. चाकांची बाहेरची कड रबराची आहे, तिला चंदेरी रंग लावू नका. अंगावरचा रंग उडाला असेल तिथे प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) नाहीतर काळपट तपकिरी पोलाद दिसतं. झाकणांच्या कडांवर, जिथे जवानांचे हात आणि बूट सतत लागतात, तिथेच किंचित तकाकी येते.

आता मापाचा हिशेब. या मापात १ मिलिमीटरचा ओरखडा म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन सेंटिमीटर, चांगला दोन बोटं रुंद! म्हणून ० नंबरचा, टोक शाबूत असलेला ब्रश हवाच. त्याशिवाय ड्रायब्रशसाठी (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंच कडांवर रंग घासायला) एक जुना चपटा ब्रश, पॅकिंगच्या स्पंजाचा तोडलेला (कापलेला नव्हे, कापलं की कड सरळ येते) तुकडा, चिमटा आणि 6B पेन्सिल. पेन्सिलचं शिसं सँडपेपरवर घासून पूड करून ठेवा. बोटाच्या टोकाने ती ट्रॅकच्या कडांवर चोळली की जी चमक येते, ती मला कुठल्याही बाटलीतल्या रंगापेक्षा खरी वाटते.

रंग थोडेच पुरतात. तामियाचा XF-84 डार्क आयर्न ट्रॅकच्या तळाला, X-11 क्रोम सिल्व्हर अगदी थेंबभर, आणि चिप्ससाठी (रंग उडाल्याच्या खुणांसाठी) काळ्यात मिसळलेला तपकिरी. वॉशसाठी (खाचांत उतरणाऱ्या पातळ रंगासाठी) बर्न्ट अंबर ऑइल कलर. तो तासभर पुठ्ठ्यावर काढून ठेवा, जादा तेल शोषलं जातं आणि वॉश मॅट सुकतो. सोबत बिनवासाचं टर्पेंटाइन, आणि खिडकी उघडी.

व्हिनाइलचे ट्रॅक साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण सुकवा. प्रायमर आधी एका टोकाला मारून दुसऱ्या दिवशी वाकवून बघा. तडा गेला तर प्रायमर बदला, पुढे जाऊ नका.

मॅट वार्निशचा हात मात्र आधीच झालेला असू द्या. पुष्कळ जण तो शेवटी मारतात आणि धातूची सगळी चमक त्याखाली मरते. वार्निश, मग वॉश, मग चिप्स, आणि पेन्सिलची पूड सगळ्यात शेवटी, हा क्रम कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, दमट हवेत स्प्रेचं वार्निश पांढुरकं पडतं. कोरडा दिवस मिळेपर्यंत थांबा.

टेबलावर दिवा एकाच बाजूने, खालच्या कोनातून पडेल असा लावा, म्हणजे उंच कडा आपोआप उठून दिसतात. रणगाड्याच्या पोटाला डबल टेपने रिकामी बाटली चिकटवून तिला धरूनच काम करा. शिशाची पूड लावल्यावर बोट लागलं तर हिरव्या रंगावर करडा डाग पडतो आणि तो सहजी निघत नाही. मातीच्या पिगमेंटच्या (कोरड्या रंगपुडीच्या) डब्या मात्र आज कपाटातच राहू द्या. धूळ कुठे बसवायची हे चमक पूर्ण झाल्यावरच ठरतं.