'शॅम्बॉलिक' वापरताना या चुका टाळा

जळगाव-भुसावळच्या अभ्यासिकांमध्ये इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करणाऱ्यांच्या वह्यांत 'शॅम्बॉलिक'पुढे बहुतेक वेळा एकच अर्थ सापडेल: अव्यवस्थित. अर्थ चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच होतात.

या शब्दात दोष दिलेला असतो. कुणीतरी काम नीट करायला हवं होतं, त्यानं केलं नाही आणि सगळ्याचा बोजवारा उडाला, असं तो सांगतो. वर्तमानपत्रात 'भोंगळ कारभार', 'ढिसाळ नियोजन' छापून येतं, तिथं तो खुशाल वापरा. मेच्या वादळात रावेर-यावलकडच्या केळीबागा आडव्या झाल्या, तर त्या बागा मात्र शॅम्बॉलिक नव्हेत. वाऱ्याला कुणी नियोजन करायला सांगितलं नव्हतं. तिथं 'डेव्हस्टेटेड' लिहा. पुढे पंचनामे करताना एका शेताची नोंद दोनदा झाली आणि बांधाला लागून असलेलं शेत सुटलं, तर ते पंचनामे नक्की शॅम्बॉलिक.

नुसत्या गर्दी-गोंगाटालाही हा शब्द लावू नका. हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी रंगते: कुणी वांगी भाजतंय, कुणी मिरच्या-लसूण ठेचतंय, पोरं धुरात पळताहेत. हे फार तर 'केऑटिक', आणि तेही कौतुकानं. माणसं जेवायला बसली आणि वांगी अजून बाजारातच आहेत, असं झालं की मग पार्टी शॅम्बॉलिक.

विस्कटलेल्या केसांना इंग्रजीत 'डिशेव्हल्ड' किंवा 'अनकेम्प्ट' म्हणतात. खोलीला किंवा माणसाला शॅम्बॉलिक म्हटलेलं चालतं, पण माणसाला म्हटलं तर रोख त्याच्या गबाळ्या, विसराळू वागण्यावर असतो. पाय फरफटत चालणाऱ्यासाठी शब्द वेगळा, 'शॅम्बलिंग'. आणि घाईत वाचताना हा शब्द 'सिम्बॉलिक' वाटतो. घडण बहुधा त्याच्याच धर्तीवर झाली असावी, पण अर्थाचं नातं काहीच नाही.

मूळ शब्द 'शॅम्बल्स'. त्याचा प्रवास मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. जुन्या इंग्रजीत बाकाला किंवा स्टुलाला जो शब्द होता, तो पुढे मांस विकायच्या फळीला लागला. तिथून मटण बाजार, मग कत्तलखाना, मग रक्तपाताची जागा, आणि विसाव्या शतकात नुसताच सावळा गोंधळ. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात एकेकाळी खाटकांच्या दुकानांसाठी ओळखली जाणारी 'द शॅम्बल्स' नावाची जुनी गल्ली अजून आहे. विशेषण त्या मानानं कालचं, 1970 च्या आसपास रुळलेलं. 2012 मध्ये ऑक्सफर्ड डिक्शनरीजनं ब्रिटनसाठी वर्षाचा शब्द म्हणून 'ऑम्नीशॅम्बल्स' निवडला. सगळ्याच बाजूंनी उडालेला बोजवारा, असा त्याचा अर्थ.

आता रक्ताचा वास या शब्दाला राहिलेला नाही, उलट त्यात थोडी टवाळी आहे. म्हणून जीवितहानी झालेल्या दुर्घटनेला शॅम्बॉलिक म्हणू नका, ते हलकं वाटतं. तिथल्या बंदोबस्ताला म्हणता येईल, आणि तेही जपून.

शब्द ब्रिटिश आहे आणि बोलीतला आहे. ब्रिटिश वर्तमानपत्रं तो सर्रास छापतात, पण जिल्हाधिकारी कार्यालयाला इंग्रजीत तक्रार लिहिताना 'पुअरली ऑर्गनाइज्ड' बरं. वर्णनात्मक पेपरात एखाद्या ठिकाणी शोभतो, प्रत्येक परिच्छेदात आला की परीक्षकाला पाठांतर दिसतं.

उच्चारात जोर 'बॉ'वर. 'शॅम्बॉलिकल' असा शब्द नाही, पण क्रियाविशेषण 'शॅम्बॉलिकली'च्या स्पेलिंगमध्ये 'आयसी'नंतर 'एएलएलवाय' येतं, आणि तिथंच गुण जातात. 'शॅम्बल्स'च्या शेवटी एस असला तरी ते एकवचनासारखं चालतं: 'द मीटिंग वॉज अ शॅम्बल्स'. ब्रिटिश लोक 'इन अ शॅम्बल्स' म्हणतात, अमेरिकेत 'इन शॅम्बल्स' जास्त ऐकू येतं. दोन्ही बरोबर, फक्त एका उत्तरात एकच धरा.