मोटर घेण्याआधी ताठपणाचा हिशेब

घरी सीएनसी (कॉम्प्युटरच्या हुकमावर कापणारं मशिन) करायची म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरात सामान शोधायला येणारी पोरं मला भेटतात. मोटर किती न्यूटन-मीटरची घेऊ, कंट्रोलर कुठला लावू, हेच पहिलं विचारतात. मी त्यांना उलट विचारतो: टूलच्या टोकाला 10 किलोनं ओढलं तर ते किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) हलेल? धातू कापायचा असेल तर मशिनचं सगळं डिझाइन या एका आकड्याभोवती उभं करायचं.

10 किलो म्हणजे साधारण 100 न्यूटन. टोक 100 मायक्रॉन हललं, तर ताठपणा झाला मायक्रॉनला 1 न्यूटन. अशा मशिनवर लाकूड, ॲक्रिलिक निघतं. ॲल्युमिनियमवर टूल नाचतं. 10 मायक्रॉन हललं तर ॲल्युमिनियम समाधानानं कापता येतं. माइल्ड स्टील कापायचं तर 5 मायक्रॉनच्या आत, म्हणजे मायक्रॉनला 20 न्यूटन, असं मी धरतो. हे माझे कामचलाऊ आकडे आहेत, पण डिझाइन सुरू करायला पुरतात.

आता टूलपासून जॉबपर्यंत, म्हणजे कापायच्या तुकड्यापर्यंत, जोर कुठून कुठून जातो ते कागदावर लिहून काढा. टूल, स्पिंडल (टूल धरून फिरवणारा भाग), झेडची म्हणजे वर-खाली सरकणारी प्लेट, गाइडचे म्हणजे रेलवर सरकणारे ब्लॉक, वरचा पूल (दोन खांबांवरचा आडवा भाग), खांब, बेड (खालचा पाया), टेबल. यातला प्रत्येक भाग स्प्रिंगसारखा थोडा दबतो आणि सगळ्यांचं दबणं एकत्र टोकाला येतं. पाच भाग प्रत्येकी मायक्रॉनला 100 न्यूटनचे असतील, तर टोकाला 20 उरतात. चार भाग 100 चे आणि एक 10 चा असेल, तर उरतात फक्त 7. मग ते चांगले चार भाग पैसे घालून दुप्पट केलेत तरी 7 चे 8 होतात. म्हणून पैसा नेहमी सगळ्यांत मऊ भागावर घालायचा.

रचना निवडताना मी आग्रहानं सांगतो: पूल जागेवर पक्का, टेबल सरकतं. सरकता पूल जागा वाचवतो, पण त्याचे पाय गाइडच्या ब्लॉकवर उभे राहतात आणि तिथंच ताठपणा गळतो. कामाचा आकार 300 बाय 250 मिलिमीटर, झेडची चाल 150. एवढ्यात मोटरच्या ब्रॅकेटपासून छोट्या डायच्या बेसपर्यंत बरंच काही बसतं. आणखी मोठं करायचा मोह आवरा, कारण तरफेसारख्या पुढं आलेल्या भागाची लांबी दुप्पट झाली की तो आठपट मऊ होतो.

पुलाचा हिशेब करून बघू. 100 बाय 100 ची 6 मिलिमीटर जाडीची चौकोनी पाइप, दोन्ही टोकं पक्की, मधलं अंतर 500. नुसत्या वाकण्यात ती मायक्रॉनला हजार न्यूटनच्या आसपास देते, म्हणजे गरजेपेक्षा कितीतरी जास्त. बहुतेक लोक इथंच थांबतात. पण टूल पुलाच्या मध्यापासून 200 मिलिमीटर खाली लोंबतं, त्यामुळं पूल नुसता वाकत नाही, पिळला जातो. त्या पिळाचा हिशेब केला की टूलच्या टोकाला तीच पाइप फक्त 80 न्यूटन देते. 3 मिलिमीटर जाडीची घेतली तर 40. आणि पाइपऐवजी उघडा सी चॅनेल वापरला तर पिळाच्या विरुद्धचा ताठपणा शेकडो पटींनी पडतो. त्यामुळं चॅनेल घ्यायचाच असेल तर उघड्या बाजूला पूर्ण लांबीची प्लेट वेल्ड करून त्याची पेटी करा.

खांबांचंही तसंच. याच पाइपचा 300 उंचीचा खांब मायक्रॉनला 74 न्यूटन देतो, दोन मिळून 148. उंची 400 केली की एका खांबाचे 74 चे 31 होतात. झेडला उगाच जास्त चाल ठेवू नका, असं मी म्हणतो ते यासाठी.

महागडं स्टील घेऊन काही साधत नाही. ईएन 24 सारखं मिश्रधातूचं स्टील असो की साधं माइल्ड स्टील, लवचिकतेचा आकडा एकच, 200 गिगापास्कलच्या आसपास. ॲल्युमिनियमचा 70. ताठपणा आकारातून आणि जाडीतून येतो.

आमच्याकडं बीड (कास्ट आयर्न) हाताशी आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव भागात फाउंड्र्या आहेत, भंगारात जुन्या मशिनचे बेड मिळतात. बिडाचा ताठपणा स्टीलच्या निम्म्याच्या जरा वर, पण कंप शोषून घेण्यात ते स्टीलच्या फार पुढं. जुना बेड वर्षानुवर्षं पडून असल्यानं बराचसा स्थिरावलेलाही असतो. असा बेड मिळाला तर मी वेल्डिंगच्या नादाला लागणार नाही. वेल्ड करायचंच असेल तर मशिनिंगआधी 600 ते 650 अंश सेल्सियसवर स्ट्रेस रिलिव्हिंग (तापवून आतला ताण काढणं) करून घ्या. नाहीतर आज सरळ केलेला पृष्ठभाग काही महिन्यांनी स्वतःच वाकडा होतो. मग सगळ्या रेलच्या जागा प्लॅनो मिलरवर (मोठ्या मिलिंग मशिनवर), शक्य तिथं एकाच सेटिंगमध्ये मारून घ्या. हे काम बाहेर द्यायला लागेल, पण इथं पैसे वाचवू नका.

पोकळ पेट्या रिकाम्या ठेवल्या तर घंटेसारख्या वाजतात. त्यात इपॉक्सी आणि ग्रॅनाइटची खडी भरा. वेगवेगळ्या आकाराची खडी नीट मिसळली तर रेझिन वजनाच्या 10 टक्क्यांच्या आसपास पुरतं. हे भरण कंपासाठी आहे; ताठपणाचं मुख्य काम स्टीलच करतं.

गाइडला 20 मिलिमीटरच्या रेल घ्या आणि ब्लॉक प्रीलोडवाले, म्हणजे आतले बॉल आधीच घट्ट दाबलेले मागा, ढिले नकोत. झेडवर दोन ब्लॉकमधलं अंतर जितकं ठेवता येईल तितकं ठेवा. रेल खालच्या पृष्ठभागाचा आकार घेते, म्हणून आधी एक रेल स्ट्रेटएजला (अचूक सरळ पट्टीला) डायल (सूक्ष्म हालचाल दाखवणारं काट्याचं माप) लावून सरळ करा, बोल्ट आवळा, मग दुसरी तिच्यावरून जुळवा.

मोटरनं फिरून भाग सरकवणारा बॉलस्क्रू 16 मिलिमीटर व्यासाचा, 5 लीडचा (एका फेरीत 5 मिलिमीटर सरकवणारा) पुरतो. 1 न्यूटन-मीटर टॉर्कला तो हजार न्यूटनहून जास्त जोर देतो, म्हणून मोटरची फार काळजी नको. काळजी करायची ती स्क्रूच्या पक्क्या टोकाची: तिथं अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची (स्क्रूच्या दिशेनं येणारा जोरही पेलणाऱ्या बेअरिंगची) जोडीच लागते.

स्पिंडलचं मात्र नीट बघा. बाजारात मिळणारा 2.2 किलोवॅट, मिनिटाला 24,000 फेऱ्यांचा स्पिंडल ॲल्युमिनियमला ठीक. माइल्ड स्टीलला 10 मिलिमीटरचं कार्बाइड टूल 3,000 फेऱ्यांच्या आसपास चालवावं लागतं आणि तिथं त्या स्पिंडलकडे जेमतेम पाव किलोवॅट ताकद उरते. स्टील हेच मुख्य काम असेल तर बीटी 30 चा (हे टूल धरायच्या होल्डरचं माप), बेल्टवर चालणारा स्पिंडल बघा.

आणि टूल कॉलेटमध्ये (टूल पकडणाऱ्या चिमट्यात) आत ढकला! 6 मिलिमीटरचं कार्बाइड टूल 20 बाहेर असताना मायक्रॉनला 14 न्यूटनपर्यंत देतं, 40 बाहेर काढलं की 2 पण नाही. टूलवरच्या खाचांमुळं प्रत्यक्षात याहूनही कमी. म्हणजे वर सांगितलेले 20 न्यूटन मशिनचे; टूलचं दबणं त्यात आणखी मिळतं. स्टीलला 10 चं टूल म्हणूनच.

जोडणी झाली की कंट्रोलर लावण्याआधी तपासणी. डायलचं मॅग्नेटिक स्टँड टेबलावर, जॉब बसतो तिथं ठेवा. डायल 1 मायक्रॉनचा हवा. स्पिंडलच्या नाकाला ताणकाटा अडकवून 10 किलोनं ओढा, डायलचा काटा किती सरकला ते लिहा. एक्स आणि वाय दोन्हीकडं. मग ओढणं तिथंच ठेवून डायल एकेक भाग मागं न्या: झेडची प्लेट, ब्लॉक, पूल, खांबाचं डोकं, खांबाचा पाया. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम पडतो, तुमचा मऊ भाग त्यांच्या मधे आहे. बहुतेक वेळा तो बोल्टचा जोड निघतो. उघडा, निळा (स्पर्श कुठं होतो ते दाखवणारा रंग) लावून बघा, स्पर्श फक्त कडांना दिसला तर घासून बसवा किंवा इपॉक्सीचा पातळ थर देऊन जागा भरा, डॉवेल (जागा पक्की करणारी पिन) मारा, आवळा आणि परत 10 किलोनं ओढा.