बालवाडीतल्या ताईंनो, पालकांशी सूर असा जुळवा

पालकांना पहिला फोन तक्रारीचा जाता कामा नये, हे आधी पक्कं करा. पहिल्याच आठवड्यात एखादी छोटी चांगली गोष्ट कळवा, म्हणजे 'आज बूट स्वतः घातले, उलटे का होईना' अशी, नुसतं 'छान आहे' म्हणून काही कळत नाही. अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरून घेताच ना, तेव्हाच विचारा की रडायला लागलं तर घरी कसं शांत करता, झोपताना काय लागतं, शू-शीला काय म्हणतं, कारण मुलाला तेच सगळ्यात जास्त ओळखतात. घरची भाषा वेगळी असेल तर ती बंद करा असं अजिबात सांगू नका, दोन भाषांनी मूल गोंधळत नाही.

चावणं, मारणं असले अवघड विषय दारात सगळ्यांसमोर काढायचे नाहीत. वेळ ठरवून बसा, डोळ्यांनी दिसलं तेवढंच सांगा, 'हट्टी आहे' असले शिक्के नकोत, आणि दुसऱ्या मुलाचं नाव तर घ्यायचंच नाही. मग 'घरी असं होतं का?' विचारा आणि खरंच ऐका, मध्ये बोलू नका.

आणि हो, मीटिंगला न येणारे पालक बेफिकीरच असतात असं नाही हो, कुणाची शिफ्ट असते, कुणाकडे तान्हं बाळ असतं, त्यांना व्हॉइस मेसेज चालेल का विचारून बघा.