केंब्रिजच्या कॉलेजात राहायला जाणाऱ्यांसाठी

केंब्रिजला ‘युनिव्हर्सिटीचं हॉस्टेल’ अशी काही भानगड नाही. हे एकदा डोक्यात नीट बसलं की पुढचे निम्मे घोटाळे टळतात. लेक्चर, लॅब, परीक्षा आणि पदवी हे युनिव्हर्सिटीचं काम. खोली, जेवण, आजारपणातली विचारपूस आणि दर टर्मला येणारं बिल हे कॉलेजचं. अशी कॉलेजं ३१ आहेत. प्रत्येकाची इस्टेट वेगळी, नियम वेगळे, तिजोरी वेगळी. पदवीच्या पहिल्या वर्षाचा प्रवेशसुद्धा कॉलेजच देतं. एम.फिल. किंवा पीएच.डी.ला आधी विभाग हो म्हणतो, मग कॉलेज.

मला दर वर्षी दापोलीहून, पुण्याहून मुलांचे मेसेज येतात. त्यात खोलीच्या भाड्याबद्दल विभागाला मेल टाकून उत्तराची वाट बघत बसलेले एक-दोघं असतातच. विभागाला तुमची खोली कुठल्या गल्लीत आहे हेही ठाऊक नसतं. राहणं, पैसे, तब्येत, घरची अडचण, काहीही असो, कॉलेजच्या ट्यूटरला लिहा. हा ट्यूटर शिकवत नाही. तिथल्या मुक्कामापुरता तो तुमचा पालक असतो, आणि त्याला त्रास द्यायचा संकोच आपली मुलं उगाच करतात.

हा सगळा प्रकार असा का, ते थोडं समजून घ्या, कारण तिथले विचित्र वाटणारे नियम त्यातूनच आले आहेत. १२०९ साली ऑक्सफर्डमध्ये गावकऱ्यांशी बिनसलं म्हणून काही विद्वान मंडळी केंब्रिजला येऊन राहिली. भाड्याच्या घरांत राहायचं, शिकायचं आणि शिकवायचं. मग कुणी बिशप, कुणी राजघराण्यातली बाई जमीनजुमला द्यायची आणि सांगायची, या उत्पन्नातून इतक्या जणांची राहण्याजेवणाची सोय करा आणि माझ्या आत्म्यासाठी प्रार्थना करत जा. त्यातलं सर्वांत जुनं कॉलेज पीटरहाउस, १२८४ सालचं. आपल्याकडे पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून रोज वेगळ्या घरी जेवायचे. इथे सातही वार एका छपराखाली आणले आणि त्यामागे कायमचं उत्पन्न लावून दिलं, असं समजा. म्हणून कॉलेजात शिरल्यावर वर्ग शोधू नका. आधी दिसेल तो जेवणाचा हॉल आणि चॅपेल. ती मूळ वास्तू, बाकीचं नंतरचं.

मी राहिले सेंट जॉन्समध्ये. हे लेडी मार्गारेट बोफर्टचं कॉलेज. सातव्या हेन्रीची आई, आठव्याची आजी. ती १५०९ मध्ये वारली. तिची इच्छा बिशप जॉन फिशरने नेटाने पुढे रेटली आणि १५११ मध्ये, सेंट जॉनच्या जुन्या हॉस्पिटलच्या जागेवर कॉलेज उभं राहिलं. पहिल्याच दिवशी, सामान टाकलं की, मुख्य दरवाजातून सरळ मागे चालत जा. पहिला चौक स्थापनेच्या काळातला, दुसरा १६०० च्या आसपासचा, तिसरा सतराव्या शतकातला, मग कॅम नदीवरचा १८३१ चा ‘ब्रिज ऑफ साय्झ’, पलीकडे न्यू कोर्ट, आणि त्याच्याही मागे १९६७ ची क्रिप्स इमारत. दहा मिनिटांत साडेचार शतकं. याच पुलाखाली १९६३ साली विद्यार्थ्यांनी एक जुनी ऑस्टिन सेव्हन मोटार दोरांनी लटकवली होती. होड्यांवर लादून आणली रातोरात. गणपतीत असले उद्योग करणारी आपली मुलं तिथे लवकर रुळतात.

आमच्या दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे याच कॉलेजात शिकले. १८९९ मध्ये ते गणिताच्या ट्रायपॉसमध्ये, म्हणजे तिथल्या पदवीच्या परीक्षेत, सिनियर रँग्लर, म्हणजे पहिले, आले, पेम्ब्रोक कॉलेजच्या बर्टविसल यांच्याबरोबर विभागून. तेव्हा गुणानुक्रमे नावं जाहीर व्हायची. ती पद्धत १९०९ पर्यंत चालली. पुढे परांजपे सेंट जॉन्सचे फेलोही (कॉलेजच्या कारभारात वाटा असणारे विद्वान सभासद) झाले आणि परत येऊन फर्ग्युसनचे प्राचार्य. कोकणात अजून कुणी गणितात हुशार निघालं की ‘रँग्लर होणार’ म्हणतात. पण त्याच काळात केंब्रिजला बायकांना परीक्षा देता यायची, पदवी मिळायची नाही. ती मिळायला १९४८ उजाडलं. आणि सेंट जॉन्सने मुली घेतल्या त्या थेट १९८० च्या दशकात. हॉलमधल्या भिंतींवर दाढीवाल्यांचीच तैलचित्रं का, हे मग विचारावं लागत नाही.

कॉलेज निवडताना

नावावर जाऊ नका. जयंत नारळीकर १९५७ साली केंब्रिजला गेले ते फिट्झविल्यम हाउसमध्ये. ज्यांना कॉलेजचा खर्च झेपत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी १८६९ मध्ये काढलेली ही संस्था; तिला रीतसर कॉलेजचा दर्जा १९६६ मध्ये मिळाला. नारळीकरांचं काही अडलं नाही. पुढे किंग्ज कॉलेजने त्यांना फेलो करून घेतलं. सी. डी. देशमुख जीझस कॉलेजला होते. सगळे नावाजलेल्या ट्रिनिटीला गेले नाहीत.

बघायचं ते हे: तुमच्या विभागापासून सायकलने किती लांब, खोलीचा करार किती आठवड्यांचा, आणि स्वयंपाकघर कसं आहे. करार नीट वाचा. पदवीच्या मुलांना बऱ्याच कॉलेजांत नाताळात आणि ईस्टरच्या सुट्टीत खोली रिकामी करून द्यावी लागते, अगदी भिंतीवरच्या फोटोसकट. भारतातून येणाऱ्यांना सामान ठेवायला जागा मिळते, पण ती आधी मागावी लागते. पीएच.डी.वाल्यांचे करार सहसा वर्षभराचे. जुन्या श्रीमंत कॉलेजांकडे प्रवासाला, पुस्तकांना, अडीअडचणीला पैसे असतात आणि मागितले तर देतात. नव्या कॉलेजांत स्वयंपाकघरं बरी असतात. रोज वरणभात लागणाऱ्याने काय ते ठरवावं. मला विचाराल तर स्वयंपाकघर. चौकातली जुनी खोली फोटोत सुंदर दिसते, पण बाथरूम जिना उतरून असू शकतं आणि खिडकीखाली दिवसभर पर्यटक.

बाहेर घर घेऊन राहायचा विचार असेल तर अंतराचा नियम आहे. पदवीच्या विद्यार्थ्याने ग्रेट सेंट मेरीज चर्चपासून तीन मैलांच्या आत राहायचं, पदव्युत्तरांनी दहा मैलांच्या. टर्ममधल्या साधारण तीन चतुर्थांश रात्री केंब्रिजमध्ये काढल्याच पाहिजेत, नाहीतर ती टर्म धरत नाहीत. लंडनच्या मावशीकडे मुक्काम ठोकायचा बेत असला तर हे आधी तिला सांगा.

पोचल्यावर

पहिली ओळख पोर्टर्स लॉजची, म्हणजे दारावरच्या चौकीची. किल्ली, पार्सल, हरवलेलं पाकीट, रात्री तीनला खोलीबाहेर अडकलेले तुम्ही, सगळ्याचं उत्तर तिथे. पोर्टरांची नावं पहिल्या आठवड्यात पाठ करा आणि येता-जाता बोला. प्राध्यापकाला मस्का लावून जे होत नाही ते इथे साध्या ‘गुड मॉर्निंग’ने होतं. पूर्वी हेच पोर्टर रात्री दार बंद करून उशिरा येणाऱ्यांची नोंद करायचे आणि मुलं भिंतीवरून उड्या मारून आत यायची. १९७० मध्ये इंग्लंडात सज्ञान होण्याचं वय २१ वरून १८ झालं आणि कॉलेजचा वडीलकीचा धाक सैलावला. आता कार्ड लावा, आत जा.

दुसरी ओळख बेडरची. ही खोली झाडायला, कचरा न्यायला येणारी बाई, कधी बुवा. तिच्याशी आईशी वागतो तसं वागू नका. म्हणजे, पसारा टाकून निघून जाऊ नका. तुम्ही चार दिवस अंथरुणातून उठला नाहीत तर सर्वांत आधी तिच्याच लक्षात येतं.

जिन्याच्या तळाशी लाकडी पाटी असते, तिच्यावर त्या जिन्यावर राहणाऱ्यांची नावं रंगवलेली: आधी आडनाव, मग आद्याक्षरं. आपल्याला वडिलांच्या नावाचं अक्षर असतं, पासपोर्टवर कधी असतं, कधी नसतं. प्रवेशाच्या वेळी जे नाव भराल तेच पाटीवर, तेच बिलावर आणि तेच पदवीवर येणार, म्हणून फॉर्म भरतानाच एकसारखं लिहा. जुन्या खोल्यांना दोन दारं असतात. बाहेरचं जाड दार लावलेलं दिसलं की आतल्या माणसाला कुणी नको आहे, ठोठावायचं नाही. परीक्षेच्या दिवसांत याचा खुशाल उपयोग करा. चौकातल्या हिरवळीवरून चालू नका, तो मान फेलोंचा. कितीही उशीर झाला असला तरी कडेकडेने जायचं.

आता फोडणी. जिन्यावरच्या छोट्या स्वयंपाकघराला तिथे जिप रूम म्हणतात: एक-दोन हॉटप्लेट, मायक्रोवेव्ह, फ्रिजमध्ये तुमच्या वाट्याला एक कप्पा. मिल रोडवर हिंग, तूरडाळ, कढीपत्ता सगळं मिळतं, ते घरून वाहून नेऊ नका. गोडा मसाला तेवढा न्या. अडचण सामानाची नाही, अलार्मची आहे. बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघरात उष्णता ओळखणारं यंत्र असतं आणि बाहेर बोळात धूर ओळखणारं. म्हणजे तुम्ही आत काय जाळता यापेक्षा दारातून बाहेर काय जातं ते महत्त्वाचं. दार बंद, खिडकी उघडी, पंखा चालू. हॉटप्लेट गॅससारखी झटकन थंड होत नाही, तेव्हा तेल तापलं की कढलं प्लेटवरून उचलून घ्या आणि हातात धरूनच मोहरी टाका. ती तडतडली की हिंग, हळद, कढीपत्ता. लाल मिरची सर्वांत शेवटी आणि लगेच डाळ ओता. मिरची जळली तर अख्खा जिना रात्री अकरा वाजता चपला घालून चौकात उभा राहतो आणि प्रत्येकाला तुमचं नाव कळतं.

गाउन घालून जेवण

फॉर्मल हॉलचा बाऊ करू नका. गाउन जुना घ्या, जुन्या मुलांकडून स्वस्तात मिळतो. बहुतेक कॉलेजांचा काळा, ट्रिनिटीचा निळा. घंटा झाली की उभं राहायचं, हाय टेबलवर फेलो आले की लॅटिनमध्ये प्रार्थना होते, मग बसायचं. काटे-चमचे बाहेरून आत वापरत यायचं. शाकाहारी असाल तर नाव नोंदवतानाच लिहा. ऐन वेळी सांगितलंत तर मशरूमचं काहीतरी येईल (आधी सांगितलंत तरी मशरूमचंच येईल, पण गरम). वाइन नको म्हटलं तर कुणी आग्रह करत नाही. त्या बाबतीत आपल्या लग्नांपेक्षा बरं. समोर खगोलशास्त्रवाली, शेजारी लॅटिन शिकणारा, अशी पंगत दुसरीकडे कुठे बसत नाही, तेव्हा आपापल्या देशाच्या कोपऱ्यात बसू नका.

आठ आठवडे

टर्म तीन: मायकलमस, लेंट, ईस्टर. शिकवण्याचे आठवडे प्रत्येकी जेमतेम आठ, आणि तिथला आठवडा गुरुवारी सुरू होतो. पदवीच्या मुलांचा खरा अभ्यास सुपरव्हिजनमध्ये. एक, दोन किंवा तीन विद्यार्थी, समोर एक शिक्षक, तासभर. निबंध किंवा गणितं आदल्या दिवशी पोचवायची आणि मग त्यांचा बचाव करायचा. आपल्याकडची हुशार मुलं इथे गप्प बसतात, कारण सरांचं खोडायचं नाही हे अंगात मुरलेलं. तिथे गप्प बसणं म्हणजे तयारी न करणं असा अर्थ निघतो. ‘मला हे पटत नाही, कारण...’ हे वाक्य घरी आरशासमोर म्हणून बघा. आणि शिक्षकाला पहिल्या नावाने हाक मारायची, जीभ अडखळली तरी.

पहाटे नदीवर वल्हवायला पहिल्या टर्ममध्ये जरूर जा, नवशिक्यांना तेव्हाच घेतात. कॅम इतकी अरुंद की दोन होड्या शेजारी धावू शकत नाहीत. म्हणून शर्यतीत एकामागे एक सोडतात आणि पुढच्या होडीला गाठून टेकवायचं. त्याला बम्प्स म्हणतात. सेंट जॉन्सचा लेडी मार्गारेट बोट क्लब १८२५ पासून आहे. मात्र ईस्टर टर्ममध्ये परीक्षा असेल तर होडी सोडा. त्या दिवसांत कॉलेजात मोठ्याने हसलं तरी लोक बघतात. परीक्षा संपल्यावर जूनमध्ये मे वीक येतो, हो, जूनमध्येच, आणि मे बॉलचं, म्हणजे कॉलेजातल्या रात्रभराच्या जल्लोषाचं, तिकीट परवडत नसेल तर त्या रात्री तिथे काम करायला नाव द्या. पैसे मिळतात आणि फटाके बाहेरून का होईना दिसतात.

पदवीच्या दिवशीसुद्धा कॉलेजच तुम्हाला सेनेट हाउसमध्ये घेऊन जातं. प्रिलेक्टर नावाचे कॉलेजचे अधिकारी उजवा हात पुढे करतात, चौघांनी त्यांचं एकेक बोट धरायचं, मग एकेकाने पुढे जाऊन गुडघे टेकायचे. कपड्यांचे नियम कडक आहेत, मोज्यांच्या रंगापर्यंत. कॉलेजकडून येणारं पत्रक आठवडाभर आधी वाचा.

खोली सोडताना भिंतीवर ब्लू-टॅकचा (फोटो चिकटवायच्या लगद्याचा) डाग राहिला तर बिलात लागतो, तेव्हा पहिल्या दिवशीच खोलीचे फोटो काढून ठेवलेले असू द्या. कुकर, पोळपाट-लाटणं परत आणायच्या भानगडीत पडू नका. पुढच्या ऑक्टोबरात येणारं कुणीतरी मराठी पोर ऑगस्टपासूनच ग्रुपवर विचारत असतं. शिट्टी तेवढी तपासून द्या.